हौसाकाकीचा तोंडाचा फोटो

पेणला रामवाडीत माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि माणसाच्या तोंडाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. सोमवार ते शनिवार मी तोंडंच काढतो. पासपोर्टसाठी आलेला माणूस स्टुलावर बसला की कोंबडी चोरताना सापडल्यासारखा दिसतो. लग्नात नवरी रडवेली, नवरा घामाघूम, आणि करवल्या फ्लॅश उडायच्या क्षणी नेमके डोळे मिटणार. दर बुधवारी रोह्याच्या एका कंपनीत ओळखपत्रांचे फोटो असतात. तिथे रात्रीची शिफ्ट संपवून आलेले लोक भिंतीला टेकतात आणि त्यातले काही उभ्या उभ्या झोपतात. उन्हाळ्यात गणपतीच्या कारखान्यांचं काम येतं. सगळ्या गिऱ्हाइकांत मला गणपती बरे वाटतात. ते हलत नाहीत, आणि फोटो बघून "मी असा दिसतो का हो?" असं विचारत नाहीत.

म्हणून रविवारी मी माझ्यासाठी पाठी काढायचो. माणसांच्या पाठी. हमालाची, मास्तरांची, एस.टी.च्या रांगेतली, भात लावणाऱ्या बायकांची. बाजारातले टवाळ मला बघून मुद्दाम पाठ करून उभे राहत आणि "काढ रे कमळाकर" म्हणत. मी काढत नसे. सांगून उभी केलेली पाठ तोंडाइतकीच खोटी असते.

त्यातला एक फोटो अलिबागच्या एका प्रदर्शनात लागला आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मिठागराच्या बांधावरून डोक्यावर मिठाची पाटी घेऊन चाललेली बाई, पाठमोरी, दोन्ही अंगाला मिठाचे ढीग. शीर्षक मी दिलं होतं, 'मीठ'. तो फ्रेम करून मी स्टुडिओच्या आतल्या खोलीत लावला. पासपोर्टवाले स्टुलावर बसले की त्यांना समोर तोच दिसे, आणि मग त्यांचं तोंड आणखीच पडे.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची. मार्गशीर्षातल्या एका सकाळी गुणाजीकाका आले. खाडीकाठच्या गावातले, जन्मभर मिठागरावर राबलेले. पायरीच्या खालीच उभे राहिले. मी म्हटलं, "या ना काका, आत या."

"नाय. सुतक हाय," ते म्हणाले. "हौसा गेली. आज पाचवा दिस."

मी पायरीवर गेलो. काय बोलायचं असतं ते बोललो. ताप आला आणि तीन दिवसांत गेली, एवढंच त्यांनी सांगितलं.

"बाराव्याला फोटो पायजे तिचा. तोंडाचा."

"घरात एखादा जुना असेल, तर मोठा करून देतो."

"घरात कसला? एक पन नाय." त्या काळी कंपनीत नोकरी असल्याशिवाय माणसाला फोटो लागत नसे. "पन तुज्याकडं असंल. तू समद्यांच्या लग्नात व्हतास, ती पन समद्यांच्या लग्नात व्हती."

हे खरं होतं. हौसाकाकी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावतात, ते गाणारी. त्या बाजूच्या चार-पाच गावांत तिच्या गळ्याशिवाय कुणाला हळद लागत नव्हती. मांडव पडल्यापासून वरात निघेपर्यंत ती नवरा-नवरीच्या अंगाला लागून उभी असे. नवऱ्याच्या बापापेक्षाही ती जवळ.

"काका, काळजीच सोडा," मी म्हणालो. "अकरा वर्षांच्या निगेटिव्ह जपून ठेवल्यात. बाराव्याच्या आधी फोटो तुमच्या हातात."

हे मी छाती पुढे काढून बोललो, ते मला चांगलं आठवतं.

दुपारपासून पाकिटं काढून बसलो. त्या गावांतली त्रेचाळीस लग्नं निघाली. पहिल्या लग्नात हौसाकाकीचं कोपर सापडलं. दुसऱ्यात अक्षता टाकणारा हात, मनगटापर्यंत. तिसऱ्यात काहीच नाही. चौथ्यात नवरीच्या मुंडावळ्यांमागे अर्धा कान आणि त्यातली कुडी. विसाव्या लग्नापर्यंत माझ्याकडे दोन कोपरं, पाच हात, एक कान आणि पदराची बरीच टोकं जमली होती. यातून एक माणूस होत नाही.

असं का झालं ते शोधायला मला लांब जावं लागलं नाही. माझाच आवाज मला ऐकू आला. "काकी, जरा बाजूला व्हा." प्रत्येक लग्नात. फ्रेम स्वच्छ ठेवण्याबद्दल माझं नाव आहे. नवरा-नवरीच्या मध्ये तिसरं डोकं आलेलं मला खपत नाही. मी बाजूला व्हा म्हटलं की ती गात गातच बाजूला व्हायची. गाणं तोडत नसे, रागावत नसे, फोटो झाला की पुन्हा जागेवर येई. जिने त्रेचाळीस लग्नं लावली, तिला मी त्रेचाळीस लग्नांतून बाहेर काढलं होतं.

सगळ्यात शेवटी माझ्या रविवारच्या रोलांचं पाकीट उघडलं. त्यात 'मीठ' होता. ती बाई हौसाकाकी होती, हे मला माहीत होतंच. पण त्या निगेटिव्हच्या पुढच्या तीन फ्रेममध्ये काय आहे ते मी विसरलो होतो, किंवा विसरल्यासारखं करत होतो. त्या रविवारी मी तिच्या मागून फोटो काढला तेव्हा कॅमेऱ्याचा खटका तिने ऐकला. पाटी ओतून ती माघारी आली आणि म्हणाली, "माज्या पाठीचा काय काडतंस? तोंडाचा काड की येक." मी म्हणालो, "रोल संपला काकी. नंतर काढू." रोल संपला नव्हता. तीन फ्रेम शिल्लक होत्या. त्यात मी बगळा काढला.

त्यामुळे 'मीठ' काकांना दाखवायचा नाही, हे मी ठरवून टाकलं. तो दाखवला तर बगळ्याची गोष्ट सांगावी लागली असती. त्यापेक्षा आमच्या धंद्यातली जुनी युक्ती बरी. मेलेल्या माणसाचा फोटो नसला की त्याच्यासारखं दिसणारं जिवंत माणूस बसवायचं आणि पुढचं ब्रशने सांभाळायचं. मी असे दोन सासरे आणि एक आजी पूर्वी करून दिली होती. घरच्यांनी समाधानाने हार घातले होते.

हौसाकाकीची धाकटी बहीण पुतळीमावशी रोह्याला दिलेली. बुधवारी कंपनीचं काम उरकून मी तिच्याकडे गेलो. तोंडाचा फोटो निघाला नाही असं सांगून मी काकांकडून हौसाकाकीचं एक लुगडं आणलं होतं, ते तिने नेसलं, केस तिच्यासारखे मागे ओढून बांधले आणि मागच्या दारी खुर्चीवर बसली. मी फोकस जुळवत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "ताईचा फोटो काडायचास ना तू? मंग मी कशाला बसलंय हितं?"

मी म्हटलं, "मावशी, बोलू नका. तोंड हलतं."

फोटो चांगला आला. नाक बहिणीचंच होतं, हनुवटी मी ब्रशने थोडी रुंद केली. डोळ्यांचं मात्र मला जमेना, म्हणून मी तो घेऊन दत्तात्रेयकडे गेलो. दत्तात्रेय गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. मूर्ती रंगवणारे पेणमध्ये शेकड्याने मिळतील, पण डोळे आखायला मालक त्यालाच बोलावतात. ज्या दिवशी डोळे आखायचे त्या दिवशी तो कुणाशी भांडतही नाही, एरवी भांडतो. त्याने फोटो उजेडात धरला, ब्रशला टोक काढलं आणि मला विचारलं, "डोळे कसे होते बाईचे?"

मी वाकून फोटोत बघितलं.

"बारीक? मोठे? पापणी जड होती का? खाली बघून बोलायची की समोर?"

त्रेचाळीस लग्नं मी त्या बाईपासून दोन हातांवर उभा होतो. मला तिच्या कुडीला किती मोती होते ते सांगता आलं असतं, कारण ते निगेटिव्हमध्ये होते. डोळे मला माहीत नव्हते. मला खरंच लाज वाटली, आणि मी ती लपवायला म्हणालो, "तू आख रे, मोठे आख. बाई माणूस होती."

दत्तात्रेयने ब्रश पाण्यात बुडवला आणि फडक्याला पुसला. "गणपतीला मी बघितलेलं नाय, तिथं माझी मर्जी चालते," तो म्हणाला. "या बाईला बघितलेली माणसं जिवंत आहेत. घेऊन जा."

मी घेऊन आलो आणि डोळे मीच सारवून घेतले.

अकराव्या दिवशी गुणाजीकाका आले. दहावं उरकून सुतक फिटलेलं, त्यामुळे या वेळी आत आले, स्टुलावर बसले. मी फोटो कागदातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. हात लांब करून बघितला, जवळ घेऊन बघितला.

"पुतळी चांगली आली हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, ब्रशचं थोडं काम बाकी आहे. हनुवटी अजून..."

पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. 'मीठ' तिथून काढून ठेवायचं माझ्या मनात होतं, ते राहून गेलं होतं. काका उठले, भिंतीपाशी गेले आणि काचेवर बोट टेकलं. हौसाकाकीच्या चोळीला खांद्यापाशी एक ठिगळ होतं. मी तो फोटो शंभरदा बघितला असेल, प्रदर्शनाच्या परीक्षकांनीही बघितला असेल. ठिगळ कुणालाच दिसलं नव्हतं.

"ह्ये माज्या सदऱ्याचं," काका म्हणाले. "ही हौसा हाय. आनि तू म्हन्लास फोटो नाय."

मग मला सगळं सांगावं लागलं. बाजूला व्हा म्हटल्याचं सांगितलं. तिने तोंडाचा फोटो मागितला होता, तेही सांगितलं. रोल संपला म्हणून खोटं बोललो आणि बगळा काढला, हे सगळ्यात शेवटी सांगितलं. काका ऐकत होते. त्यांचा हात अजून काचेवरच होता.

"बगळा बरा आला का?" त्यांनी विचारलं.

"नाय. हलला."

"हं," काका म्हणाले. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग ते म्हणाले, "चाळीस वर्सं बांधावरनं चाललो. ती म्होरं, मी मागं. तिची चाल भरभर, मला ती कदी गावली नाय. तोंड दिसायचं ते रातच्याला जेवताना, तवा पन दिवा बारीक. मला तर ही अशीच वळखीची." आणि त्यांनी खिळ्यावरून फ्रेम उतरवून काखेत मारली. पुतळीमावशीचा फोटो स्टुलावर ठेवून दिला.

बाराव्याला मी गेलो. माळ्यावरचं सामान उतरवून घर सारवलेलं, पडवीत माणसं दाटलेली. पाटावर फ्रेम उभी केली होती आणि तिला झेंडूचा हार होता. आलेले लोक पुढे होऊन हात जोडत आणि मग हात तसेच ठेवून थांबत, कारण फोटोतली बाई त्यांच्याकडे पाठ करून चालली होती. एका म्हाताऱ्याने फोटो उलटा बसला की काय म्हणून वाकून बघितलं.

खरी पंचाईत पुढे आली. हौसाकाकी नवऱ्याच्या आधी गेली, म्हणजे सवाष्ण गेली. तिच्या फोटोला कुंकू लावायला हवं. पुतळीमावशी करंडा घेऊन पुढे झाली आणि थबकली. बायकांत कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाली, अंबाड्यावर लाव. दुसरी म्हणाली, असं कधी कुठं ऐकलंय का गो? तिसरीने माझ्याकडे असं बघितलं की मी खांबाच्या आडोशाला सरकलो.

गुणाजीकाका उठले. पाटापाशी बसून त्यांनी हार बाजूला केला, फ्रेम उचलली आणि फिरवून मांडीवर घेतली. मागे पुठ्ठा होता, आणि त्यावर प्रदर्शनासाठी मी चिकटवलेली चिठ्ठी.

"तोंड हिकडं हाय तिचं," ते पुतळीमावशीला म्हणाले. मग त्यांना चिठ्ठी दिसली. "कमळाकर, हितं काय लिवलंय?"

मी पुढे गेलो. "मीठ, असं लिहिलंय. आणि खाली माझं नाव."

"आनि हिचं?"

"तिचं नाय लिहिलं, काका."

"लिव."

माझ्या खिशाला पेन असतं. मी पडवीत खाली बसलो, पुठ्ठ्यावर 'मीठ' या अक्षरांवर काट मारली आणि वर लिहिलं, हौसा गुणाजी, धवलारीण. माझ्या नावावरही काट मारायला गेलो, पण काकांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. तू काडलास ना."

मग त्यांनी करंड्यात बोट बुडवलं. पुढच्या बाजूला अंबाडा कुठे येतो ते त्यांनी एकदा फ्रेम कलती करून बघून घेतलं, पुन्हा फिरवली आणि बरोबर तेवढ्या उंचीवर, कोऱ्या पुठ्ठ्यावर कुंकू टेकवलं. त्या जागेकडे ते बघत राहिले. मीही बघत होतो.

"डोळे कसे होते काकीचे?" मी विचारलं.

"घारे," गुणाजीकाका म्हणाले, आणि त्यांनी फ्रेम फिरवून पाटावर ठेवली.