अठरा दाण्यांची भिंगरी

"उलटं धर त्याले. अन् दाणे टाक."

मित्रांनो, या जगात माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज हा. माझे कान तेव्हा नुकतेच उघडले होते आणि डोळ्यांपुढे दुधाळ धुकं होतं. कोणीतरी मला अलगद उचललं, सुपात पाठीवर निजवलं, आणि माझे चारही पाय आभाळाकडे झाले. सुपाला ज्वारीचा वास होता. पोटावर कोवळं ऊन पडलं. मला वाटलं, जग जग म्हणतात ते हेच असावं. वरून गुदगुल्या करणारं ऊन आणि खालून टोचणारे दाणे.

"सोळा, सतरा, अठरा..." आवाज थांबला. दोन बोटांनी माझा मागचा पाय आतून चाचपला, पुन्हा चाचपला. "बस. अठराच. हे नाई आपल्या कामाचं."

जन्माबरोबर माझं असं माप निघालं.

आता माझ्या तोंडाभोवती पांढरे केस आलेत. चांदूर बाजारच्या अलीकडे, संत्र्यांच्या बगीच्याला लागून, खुशालरावांचं काळ्या मातीचं वावर आहे. त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझी हयात गेली. मी तिथली राखणदारीण. आमचं कूळ शिकारी कुत्र्यांचं. लांब पाय, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर. आमच्या पणज्या शिकारीला जात म्हणे. आता शिकारीला कायद्यानं बंदी आहे, आणि झालं ते बरंच झालं. आमचं काम आता एवढंच, की पिकात शिरलेल्या रानडुकरांना आणि रोह्यांना, म्हणजे नीलगाईंना, बाहेरची वाट दाखवायची. कोणाला मारायचं नाही, आणि आपणही मरायचं नाही.

आता त्या नखांचं सांगते. आम्हा कुत्र्यांच्या पुढच्या पायाला पाच नखं असतात. चार जमिनीला टेकतात आणि पाचवं आतल्या अंगाला, जरा वर, तुमच्या अंगठ्यासारखं. मागच्या पायाला बहुधा चारच. झाली अठरा. पण एखाद्याच्या मागच्या पायांनाही आतून एकेक नख लोंबत असतं. तो झाला वीसनखी. आमच्याकडे त्याला 'ईसनखी' म्हणतात आणि म्हणताना छाती फुगवतात. ईसनखी म्हणजे वाघाची जात, अशी गावाची समजूत.

खुशालरावांच्या घरी तर त्याची रीतच होती. पिल्लांना पहिल्यांदा उन्हात आणलं, की सुपात उलटं धरायचं आणि एकेका नखामागे ज्वारीचा एकेक दाणा टाकायचा. वीस भरले, तर दाणे फडक्यात बांधून देवापाशी ठेवायचे, पिल्लाला नाव द्यायचं आणि गळ्यात पितळी घंटी बांधायची. अठरा भरले, तर दाणे कोंबड्यांना आणि पिल्लू डालीत, म्हणजे टोपलीत, घालून बाजाराच्या दिवशी चांदूरला. जो मागेल त्याचं.

माझेही दाणे कोंबड्यांनी खाल्ले. मी मात्र बाजारात गेले नाही. का नाही, ते ऐका.

पुढं महिनाभरानं, मला बाजारात न्यायच्या दिवशी, अंगणात दुर्गाबाईंनी कुरड्या वाळत घातल्या होत्या. दुर्गाबाई म्हणजे खुशालरावांच्या कारभारीण. माझे दाणे टिपून तृप्त झालेली तीच कोंबडी आता कुरड्यांवर टपली. मला काय झालं कोण जाणे! मी डालीतून टुणकन उडी मारली आणि कोंबडीभोवती गोल गोल फिरू लागले. ती इकडे वळली की मी तिकडे. शेवटी ती बिचारी चक्कर येऊन वळचणीला जाऊन बसली.

दुर्गाबाई पोट धरधरून हसल्या. "अव माय! हे पाह्य कशी भिंगरीवानी फिरते! हे पोट्टी माही. हे बाजारात नाई जात."

"ठेव मंग तुह्या चुलीपाशी," खुशालराव म्हणाले. "पन वावरात नाई न्यायची. अठरानखी हाय ते."

तेव्हापासून मी भिंगरी झाले. खुशालरावांनी मात्र मला नावानं कधी हाक मारली नाही. हाक मारायची वेळ आलीच, तर म्हणत, "ए अठरा!"

वावराची राखण माझ्या भावाकडे गेली. त्याचं नाव सरदार. तो ईसनखी, गळ्यात घंटी, अंगानं दांडगा. मनानं फार चांगला हो, मला हाडूक ठेवायचा. त्याच्या मागच्या पायांची ती नखं कानातल्या डुलांसारखी लोंबायची. पाहुणे आले की खुशालराव ते डूल हलवून दाखवत, आणि सरदार झोपेतच शेपूट हलवी.

दुर्गाबाई मात्र मला वावरात नेत. न्याहारीची पाटी डोक्यावर, मी पायापायात, आणि त्यांच्या ओठांवर ओवी.

*वावराच्या धुऱ्यावरी, बोरी-बाभळीची छाया*
*माह्या भिंगरीच्या पायी, वारा लागला नाचाया*

ओवी ऐकली की माझे कान आपोआप उभे राहत. तुमचं नाव गाण्यात आलं, तर तुम्हीही असेच ताठ बसाल.

एका हिवाळ्यातली गोष्ट. हरभरा घाट्यावर, म्हणजे शेंगांवर, आला होता. शेजारच्या पट्ट्यातली तूर कापून नेलेली, आणि तिची धसकटं, म्हणजे बुडाचे टोकदार खुंट, भाल्यांसारखी उभी. दिवस कलत होता. दुर्गाबाई वाकून हरभऱ्याचे घाटे तोडत होत्या. खुशालराव पार पलीकडच्या धुऱ्यावर होते. एवढ्यात नाल्याच्या झुडपांतून डुकरांचा कळप निघाला. पुढे एक भलीमोठी डुकरीण, मागे तिची पिल्लं.

सरदार भुंकत झेपावला. भित्रा नव्हताच तो! पण धसकटांमधून धावताना त्याच्या मागच्या पायाचं लोंबतं नख एका खुंटात अडकलं आणि टरकन फाटलं. तो कळवळून तिथंच बसला. डुकरीण बिथरली आणि सरळ दुर्गाबाईंच्या दिशेनं निघाली.

"दुर्गे, सरक!" लांबून खुशालराव ओरडले. पण त्या दोघांमध्ये अख्खं वावर होतं.

मला शिकारीचं काही कोणी शिकवलं नव्हतं. मला कोंबडी तेवढी येत होती. मी डुकरिणीला कोंबडीच समजले. समोरून नाही गेले, बाजूनं गेले. ती वळली की मी वळायची. प्रत्येक वळणाला माझ्या पुढच्या पायाचं ते आतलं, अंगठ्यासारखं नख काळ्या मातीत रुतायचं, पाय घट्ट धरायचं, आणि मी घसरता घसरता सावरून पुन्हा तिच्या कानाशी! गोल गोल, गोल गोल. अखेर डुकरीण पिल्लांना घेऊन आल्या वाटेनं नाल्यात उतरली. माझ्या अंगाला मातीशिवाय काही लागलं नव्हतं. दुर्गाबाईंनी मला पोटाशी धरलं. त्यांच्या लुगड्याला हरभऱ्याच्या पानांचा आंबट वास येत होता. तो वास माझ्या नाकात अजून आहे.

खुशालराव धापा टाकत आले. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी सरदारला खांद्यावर घेतलं आणि घराची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी ढोरांच्या दवाखान्यातल्या प्रणालीताई आल्या. त्यांनी सरदारचं फाटकं नख काढून टाकलं, पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "काका, या मांगच्या नखात हाड नाई. नुसतं कातडीले लोंबते. कशातही अडकते. पुढचं नख वेगळं, ते शिरेनं बांधलेलं अस्ते. कुत्रं वळते तवा तेच पाय सांभाळते. ते कवा कापू नोका. अन् मांगच्या नखासाठी पिल्लं निवडू नोका."

"बाई, तुमच्या पुस्तकात असन तसं," खुशालराव म्हणाले. "आमच्यात ईसनखी म्हंजे वाघाची जात!"

प्रणालीताई हसल्या. "वाघाले तरी कुठी मांगच्या पायाले पाच अस्ते काका? पुढं पाच-पाच, मांगं चार-चार. वाघ अठरानखीच हाय."

दुर्गाबाईंनी तोंडाला पदर लावला. खुशालराव म्हणाले, "वाघाचं वाघापाशी!" आणि चहा आणायला सांगून विषय मिटवला.

सरदारचा पाय बरा झाला. तो आता एकोणीसनखी होता. पण खुशालरावांच्या बोलण्यात तो वीसचाच राहिला. पारावर लोकांनी विचारलं, "खुशालराव, डुकरं कोनं पिटाळले म्हंते?"

"कोनं म्हंजे? सरदारनं! ईसनखी हाय तो."

मी त्यांच्या पायाशीच बसले होते. सगळे वाहवा करत होते, म्हणून मीही शेपूट हलवली. त्या सांजेला दुर्गाबाईंनी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि चुलीपाशी हळूच गुणगुणल्या.

*अठरा दाण्यांचं सूप, कोंबड्यायनं केलं रितं*
*भिंगरीच्या पायांवरी, माहं वावर हाय जितं*

खुशालराव भिंतीपलीकडे होते. त्यांना ऐकू गेलं असावं, कारण त्यांची खाट कुरकुरली. दुसऱ्या दिवसापासून मी रोज त्यांच्याबरोबर वावरात. न्याहारीचा पहिला तुकडाही माझा. फक्त नाव तेवढं त्यांच्या तोंडून येईना. सरदारची कीर्ती मात्र अकोल्यापर्यंत पोचली.

मित्रांनो, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मला भाकर मिळाली, ओवी मिळाली, पळायला एवढं मोठं काळंभोर रान मिळालं. मागणं आहे ते तुमच्याकडे. उद्या तुम्ही पिल्लू आणायला गेलात, तर त्याला उलटं धरून नखं मोजत बसू नका. मागचं नख लोंबत असेल, तर ते वेळच्या वेळी कापून घ्या, वाढून कातडीत रुतू देऊ नका. पुढचं अंगठ्याचं नख मात्र आमच्या कामाचं आहे, ते राहू द्या. आणि पिल्लू कसं आहे हे बघायचंच असेल, तर त्याला खाली सोडा आणि धावताना बघा.

हे सगळं आज सांगावंसं वाटलं, कारण काल सकाळी आमच्या अंगणात पुन्हा सूप निघालं.

या खेपेला मला दोनच पिल्लं झाली. त्यांचा बाप खुशालरावांनी मुद्दाम ईसनखी निवडला होता. एक पिल्लू गुबगुबीत, सदा झोपलेलं. दुर्गाबाई त्याला लाडू म्हणतात. दुसरी सडपातळ, डालीत न टिकणारी. ती ठिणगी. मोजणी खुशालरावांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. काल सकाळी त्यांचे व्याही, उत्तमराव, अकोल्याकडून आले. खुशालरावांची लेक हर्षा त्यांची सून. तीच हर्षा, जी लग्नाआधी मला आपल्या ताटातली भाकर चोरून देत असे.

"काय व्याहीबुवा," उत्तमराव खाटेवर बसत म्हणाले, "चा पाजता का नुसते नखंच दाखवता?"

"नखं पाहून चा गोड लागन तुमाले!" खुशालराव म्हणाले.

मग उत्तमराव जरा गंभीर झाले. "आमच्याकडं डुकरायनं भल्ला उच्छाद मांडला गा. हर्षा दिवसभर वावरात एकटी राह्यते. तिच्यापाशी राखणीले भरवशाचं कुत्रं पायजे. तुमच्या सरदारच्या घराण्यातलं द्या."

खुशालरावांनी लाडूला सुपात उलटं घातलं. दाणे पडत गेले. वीस! लाडू उताणाच घोरू लागला.

"हे जित्तं हाय ना?" उत्तमरावांनी विचारलं.

"शांत गडी हाय," खुशालराव म्हणाले. "हे तुमचं. दुसरं उद्या बाजारात जाईन."

बाजारात म्हणजे कोणाच्याही हातात! मी डालीपाशी जाऊन उभी राहिले. खुशालरावांनी ठिणगीला उचललं. तिनं सुपात पाठ टेकली असेल-नसेल, मोजणी अठरावर थांबते न थांबते, तोच तिनं अशी गिरकी घेतली की सूप उलटलं आणि दाणे अंगणभर झाले. कोंबड्या धावल्या. आणि ठिणगी कोंबड्यांभोवती गोल गोल, गोल गोल!

उत्तमराव टाळ्या पिटत हसले. "भल्ली चपळ हाय बाप्पा! पन आमाले ईसनखीच द्या. सरदारनं नाई का आमच्या इहीनबाईले वाचवलं?"

दुर्गाबाई चहाच्या कपबशा घेऊन उभ्या होत्या. त्या खुशालरावांकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, "पोरगी तुमची हाय. वावरात एकटी राह्यते. तिच्यापाशी कोनतं पाठवता, ते पाहून पाठवा."

लाडू घोरतच होता. खुशालरावांच्या मुठीत उरलेले दाणे होते. त्यांनी मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग ते खाली बसले, अगदी माझ्या डोळ्यांसमोर, आणि माझ्या पुढच्या पायाचं ते आतलं नख त्यांनी अंगठ्यानं हळूच चोळलं.

"व्याहीबुवा, लाडू राहू द्या इथीच, चुलीपाशी," ते म्हणाले. "हर्षीले ठिणगी न्या."

"अन् ते ईस नखं?"

"सरदार त्या दिवशी धसकटात अडकून पडला होता गा. डुकरं त्यानं नाई पिटाळले. मी पाह्यलं होतं, माह्या डोयानं पाह्यलं होतं, अन् आजवर कोनाले सांगतलं नाई. माही दुर्गा आज जित्ती हाय, ते हिच्यापायी." त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. "भिंगरीपायी."