खेचरं पहिल्या नंबरावर

ऑगस्ट आला की आमच्या रस्क क्रीकमध्ये माणसं दोन कारणांनी तापायची. एक ऊन आणि दुसरी माझी यादी. ऊन असं, की एका वर्षी माझ्या परसातली भेंडी झाडावरच तळून निघाली. मी फक्त मिठाची बाटली घेऊन खाली उभा राहायचो. उन्हावर बर्फ घातलेला चहा चालतो. यादीवर काही चालायचं नाही.

यादी म्हणजे कॉलेजांच्या फुटबॉलची. लांबट चेंडू काखेत मारून समोरच्याच्या अंगावर धावून जायचं, तो आमचा फुटबॉल. हंगाम सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी, यंदा कुठला संघ कितव्या नंबराचा हे मी पंचवीसपर्यंत लिहून काढायचो आणि ते आमच्या साप्ताहिकात छापून यायचं. एकही सामना झालेला नसतो. कुणी हरलेलं नसतं, कुणी जिंकलेलं नसतं. त्यामुळे भांडायला रान मोकळं. पन्नासच्या वर वर्षं मी ही यादी काढली आणि पन्नासच्या वर वर्षं लोकांनी मला शिव्या दिल्या.

नुसत्या तोंडी नव्हेत. एका साली मी आमच्या स्टेटच्या, म्हणजे राज्याच्या विद्यापीठाच्या, संघाला नववा ठेवला, तर न्हाव्याने माझे अर्धेच केस कापले आणि म्हणाला, "उरलेले स्टेट जिंकल्यावर." त्या साली स्टेट ऑक्टोबरपर्यंत जिंकलं नाही. चर्चमध्ये मी डाव्या बाजूने सभ्य आणि उजव्या बाजूने दरोडेखोर दिसायचो. दुसऱ्या एका साली कुणीतरी ट्रकभर कुजकी कलिंगडं माझ्या अंगणात ओतली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे वेल असे फोफावले, की टपालवाल्याला माझं घर सापडेना.

माझी बायको ओपल तेव्हा होती. फोन तीच घ्यायची. "हो, आहे घरात," ती म्हणायची, "पण पलंगाखाली आहे. बाहेर आला की सांगते." आणि मग तासभर त्याच माणसाशी लोणच्याच्या कृती.

ओपल जाऊन चार वर्षं झाली. फोन आता मीच घेतो. म्हणजे वाजला तर.

यंदा जुलैच्या शेवटी साप्ताहिकाची संपादक डार्लीन स्वतः घरी आली. ती दारातच घुटमळली, तेव्हाच मी ओळखलं. चांगली बातमी द्यायला आलेला माणूस आधी खुर्चीत बसतो.

"मिस्टर बर्ल," ती म्हणाली, "यंदापासून शहरातून तयार पान येणार आहे. संगणकाने काढलेली यादी. रंगीत."

"संगणक कुठे राहतो?"

"म्हणजे?"

"त्याच्या अंगणात कलिंगडं टाकायची तर पत्ता नको?"

ती हसली, पण नुसतीच ओठांनी. "लोक आता सगळं फोनवर बघतात. तुमची यादी कुणी वाचतं की नाही, मलाच कळत नाही. गेल्या वर्षी एक पत्र आलं होतं."

"चांगलं जहरी होतं ते."

"ते तुम्हीच लिहिलं होतं. अक्षर ओळखते मी तुमचं."

मी तिला बर्फाचा चहा दिला आणि सौदा केला. यंदा शेवटची म्हणून यादी छाप. शुक्रवारी अंक निघाला की पुढच्या गुरुवारपर्यंत, तुझ्याकडे किंवा माझ्याकडे, पाच माणसांनी शिव्या दिल्या तर यादी पुढे चालू. नाही दिल्या तर तुझा संगणक आणि तू.

"पाच वेगवेगळी माणसं," ती म्हणाली. "तुम्ही सोडून."

यादी करायची माझी रीत न्यारी. मासिकांवर माझा विश्वास नाही. मी त्या त्या कॉलेजच्या गावात फोन लावायचो. प्रशिक्षकांना नाही, ते माझ्यापेक्षा खोटारडे. फोन लावायचा न्हाव्याला, पेंडीच्या दुकानदाराला, खानावळवालीला. विचारायचे तीन प्रश्न. पुढच्या फळीतली गेल्या वर्षीची किती पोरं परत आली? ती नाश्त्याला अंडी किती खातात? आणि प्रशिक्षकाची बायको चर्चमध्ये कितव्या बाकावर बसते? पहिल्या बाकावर बसत असेल तर संघ तयार आहे. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायला लागली, तर समजावं की नवरा दुसरीकडे नोकरी बघतोय.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मी फोन नंबर घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. पंचवीस गावं, पंचवीस माणसं. पहिला नंबर बंद. दुसऱ्यावर एका बाईने सांगितलं की हे आता दाताच्या डॉक्टरचं दुकान आहे, दाढ दुखतेय का? तिसऱ्याच्या मुलाने सांगितलं की वडील वसंतात गेले. चौथ्याच्या नातवाने विचारलं, कोण बर्ल टॅकेट? दुपारपर्यंत मी बावीस फोन केले. त्यातल्या दोघांना मी कोण ते आठवलं. त्या दोघांतल्या एकाला ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, "अंडी किती खातात?" तो म्हणाला, "गुडघा, रे, गुडघा. पुढच्या महिन्यात ऑपरेशन."

तेविसावा नंबर एमेट ग्रिग्जचा. राज्याची हद्द ओलांडून टेनेसीत पोर्टर्स गॅप म्हणून गाव आहे. तिथल्या छोट्या कॉलेजच्या मैदानासमोर एमेटचं पेंडीचं दुकान होतं. कॉलेजच्या संघाचं नाव खेचरं. नाव अगदी बरोबर, कारण ती पुढे जायला कधी तयारच नसायची. मी पहिली यादी काढली तेव्हा पहिलं शिव्यांचं पत्र आलं ते एमेटचं. 'तुझ्या पंचवीसात आमची खेचरं नाहीत, म्हणजे तुला एकतर मोजता येत नाही किंवा वाचता येत नाही.' मी उत्तर पाठवलं, 'तुमचा संघ सव्विसावा आहे, कागद संपला.' तिथून दोस्ती. आम्ही प्रत्यक्ष दोनदाच भेटलो, आणि दोन्ही वेळा एकमेकांना निराश केलं, कारण फोनवर दोघंही उंच वाटायचो.

फोन त्याची मुलगी नेल्डाने उचलला आणि बापाच्या हातात दिला.

"बर्ल्या! उशीर केलास!" आवाज खणखणीत. मला बरं वाटलं. "लिहून घे. पुढची फळी अख्खी परत आलीय. पाचही जण. डझनभर अंडी खातात, प्रत्येकी. आणि ड्वेन स्कॉगिन! डावखुरा! परवा त्याने मैदानातून चेंडू फेकला तो नदीपलीकडे पडला. पलीकडच्या शेतकऱ्याने तो परत दिला नाही, म्हणाला, माझ्या हद्दीत उगवलाय."

मी लिहिता लिहिता थांबलो. ड्वेन स्कॉगिनला मी पाहिलंय. खेचरांच्या इतिहासातला तो एकच चांगला हंगाम होता, आणि तो होता १९७४ साली. ड्वेनला आता नातवंडं असतील.

"प्रशिक्षकाची बायको?" मी विचारलं.

"पहिल्या बाकावर! नवी टोपी घालून!" एमेट म्हणाला. त्या सालच्या प्रशिक्षकाच्या दफनाला एमेट स्वतः गेला होता. त्याला तीस वर्षं झाली.

मग नेल्डाने फोन घेतला. हळू आवाजात म्हणाली, "मिस्टर बर्ल, कळलं ना तुम्हाला? गेल्या हिवाळ्यापासून असंच आहे. कधी मला ओळखतात, कधी नाही. पण खरं सांगते, महिनाभरात पहिल्यांदा एवढं बोललेत."

"अंक येतो ना तुमच्याकडे?"

"येतो. दर शुक्रवारचा सोमवारी-मंगळवारी पोचतो. कधी शनिवार उजाडतो."

मी फोन ठेवला आणि कोरा कागद पुढे ओढला. मग माझ्यातला जुना बदमाश जागा झाला. पाच माणसांना चिडवायचं आहे ना? मग चिडवू. पहिल्या नंबरावर लिहिलं: पोर्टर्स गॅपची खेचरं. खाली लिहिलं की पुढची फळी पाचही जणांसकट परतली आहे, डावखुरा ड्वेन स्कॉगिन नदीपलीकडे चेंडू फेकतो. १९७४ च्या त्या प्रशिक्षकाचं नावही घातलं. आमच्या स्टेटला चौदावा नंबर दिला आणि कारण दिलं की त्यांची अंड्यांची भूक मेली आहे. हे वाचून रस्क क्रीकमध्ये कुणी गप्प बसला, तर तो माणूस नव्हे, खांब.

शुक्रवारी अंक आला. मी सकाळीच दाढी केली. फोनवर शिव्या खाताना दाढीची गरज नसते, पण ही ओपलने लावलेली सवय. खुर्ची फोनजवळ ओढली.

शुक्रवारी फोन वाजला नाही. शनिवारीही नाही. मी रिसीव्हर उचलून बघितला, सूर येत होता. रविवारी चर्चमध्ये मी मुद्दाम मधल्या वाटेने चाललो, अगदी सावकाश, म्हणजे कुणाला गाठायचं असेल त्याला वेळ मिळावा. पास्टरने माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "ऊन फार आहे, नाही?" सोमवारी मी न्हाव्याकडे गेलो. आता जुन्याची मुलगी तिथे बसते. तिने माझे सगळे केस कापले. दोन्ही बाजूंचे. नीट, सारखे.

"पेपर वाचलास?" मी विचारलं.

"कुठला पेपर?" ती म्हणाली. मन लावून माझ्या मानेवरचे केस झटकले तिने.

मंगळवारी एक फोन आला. मी इतक्या घाईने उचलला की गुडघा टेबलाला लागला. दवाखान्यातून होता. रक्त तपासायची तारीख.

गुरुवारी दुपारी मी स्वतःच डार्लीनच्या कचेरीत गेलो. तिने चष्मा काढून ठेवला.

"एकही नाही, मिस्टर बर्ल."

"स्टेट चौदावा ठेवलाय मी."

"हो का?"

"पहिल्या नंबरच्या संघाचा प्रशिक्षक तीस वर्षांपूर्वी वारलाय, डार्लीन."

तिने अंक काढला, बोट ठेवून वाचला, आणि हळूहळू लाल झाली. "मी... वरवर बघितलं होतं. तुमचं काय, नेहमी बरोबरच असतं ना, म्हणून."

त्या मुलीचा काही दोष नव्हता. एकटीच छापते, एकटीच वाटते. मी तिला म्हटलं, "संगणकाला माझा नमस्कार सांग." आणि घरी आलो. भेंडी तोडायची होती, पण तोडली नाही. कुणासाठी तोडायची? चार माणसांची भाजी एकट्याने आठ दिवस खायची.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. मी दवाखान्याचा समजून सावकाश उचलला.

"पहिला?" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "पहिला ठेवलास आम्हाला? अरे गाढवा, शत्रू तरी करेल का असं!"

"एमेट?"

"एमेट नाही तर कोण! नेल्डाने आत्ता वाचून दाखवलं. नजर लावलीस तू माझ्या पोरांना, बर्ल्या! सव्विसावे होतो तेव्हा सुखात होतो. कुणी विचारत नव्हतं. आता येणारा प्रत्येक जण आमच्यावर डोळा ठेवून येणार. ड्वेनचं डोकं फिरेल. गावातली माणसं सप्टेंबरातच नवे सूट शिवतील. हंगामाआधी पहिल्या नंबरावर चढलेला कुठला संघ नीट खाली उतरलाय, सांग एक!"

तो खरं बोलत होता. आमच्याकडे आपल्या संघाला कमी लेखलं तर माणूस चिडतो, पण डोक्यावर चढवून ठेवलं तर हादरतो. मी खुर्ची ओढली आणि बसलो. एमेट बोलत राहिला. माझी अक्कल काढली, माझं राज्य काढलं, माझ्या आजोबांची अक्कल काढली. मी मध्ये मध्ये काडी घालत होतो, म्हणजे विझायला नको.

"बरं, दुसरा ठेवू?"

"दुसरा? तू पीत बसलायस का? बारावा ठेव! अकरावा ठेवलास तर तिथे येऊन कानफटात मारीन."

"सहावा. त्याखाली माझं मन धजत नाही."

"ओपलला दे फोन," तो म्हणाला. "तुझ्या घरात शहाणं माणूस तेवढंच आहे. तिला सांगतो मी."

मी आयुष्यभर थापा मारल्या. आडव्या, उभ्या, पिकलेल्या, हिरव्या. त्यांचं मला कधी काही वाटलं नाही. ही मारली तेव्हा मात्र मी खिडकीतून परसाकडे बघितलं.

"ती भेंडी तोडतेय," मी म्हणालो.

"मग आली की सांग तिला. बारावा."

"सांगतो."

"आणि पहिला सामना झाला की फोन कर. निकाल मला कळेलच, पण तुझं तोंड कसं पडतं ते ऐकायचंय."

सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी साप्ताहिकात रंगीत पान आलं. संगणकाची यादी. मी वरपासून खालपर्यंत वाचली. एकही चूक नव्हती, आणि राग यावा असं एक अक्षर नव्हतं. खेचरं तर त्यात असायचं कारणच नव्हतं. या साली त्यांनी सलामीलाच सहा वेळा चेंडू हातातून सोडला होता, हे मी रेडिओवर ऐकलं.

रविवारी चर्चहून आल्यावर मी पोर्टर्स गॅपला फोन लावला. नेल्डा म्हणाली, "आज बरं नाही, मिस्टर बर्ल. सकाळपासून कुणालाच ओळखलेलं नाही. देऊ?"

"दे."

एक परका, सभ्य आवाज म्हणाला, "कोण बोलतंय?"

"बर्ल टॅकेट. रस्क क्रीकहून."

"माफ करा. मी ओळखलं नाही आपल्याला."

एमेटने मला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. फोन ठेवून द्यावा असं वाटलं. पण एक्क्याऐंशीचा झालो तरी लोकांना भांडायला लावणारा माझा हात अजून शाबूत आहे.

"मी तो गाढव," मी म्हणालो, "ज्याने तुमच्या खेचरांना पहिल्या नंबरावर ठेवलं."

पलीकडे खुर्ची करकरली.

"पहिल्या?" एमेट म्हणाला. "कुणाला, आम्हाला? अरे, अक्कल गहाण टाकलीस की काय तू..."

मी चपला काढल्या, पाय लांब केले आणि ऐकत बसलो.