मनमोकळं सांगा

फोन आला तेव्हा अस्माचे दोन्ही हात कोलंबीने बरबटलेले होते. तिने करंगळीने कसाबसा फोन उचलला आणि स्पीकर लावला. आता यात तिची काय चूक, सांगा. पण पुढचं सगळं त्या स्पीकरमुळे झालं.

पलीकडे मोनाली नावाची मुलगी होती. अस्माचे सासरे महमूदभाई ज्या दवाखान्यात हृदयाची औषधं घेत होते, तिथली. हृदय कमजोर झालेल्या माणसांचं घरी करणाऱ्यांवर किती भार पडतो, तो म्हणे तिला मोजायचा होता. झोप मिळते का, कंबर धरते का, चिडचिड होते का. उत्तर एवढंच द्यायचं, कधीच नाही, कधीकधी की नेहमी. अस्मा आपली "कधीच नाही, कधीच नाही" म्हणत सुटली. चारचौघांतली सून दुसरं काय म्हणणार? नवरा ओवेस कुवेतला, सासूला जाऊन बरीच वर्षं झालेली, अब्बांचं करायला ही एकटी. करायचं ते करायचं, त्याचा गवगवा कशाला?

मग ती मुलगी म्हणाली, "ताई, मनमोकळं सांगा. कुणाला कळणार नाही."

झालं. वर्षभरात असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. ओवेस फोनवर विचारायचा ते अब्बांचं, नणंद विचारायची तेही अब्बांचंच. अस्माला राहवेना. अंगात साचलेलं पाणी काढायची गोळी अब्बांना दिली, की रात्रीत चार-चारदा लघवीला उठावं लागतं, धरून न्यावं लागतं. कधी वाटेतच लुंगी भिजते, ती धुवावी लागते. झोप अशी राहिलीच नाही. कधीकधी वाटतं, एकदाचं संपावं हे सगळं. शेवटचं तोंडातून निघालं आणि तिने जीभ चावली. पण खरं सांगायचं तर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं तिला. पडद्यापलीकडे अब्बा झोपले होते. निदान तिला तसं वाटलं.

त्यानंतर आक्रीतच घडलं. अब्बा रात्रीचे उठेनासे झाले. अस्माला वाटलं, आपली दुआ कबूल झाली. ती अशी गाढ झोपली की पहाटेची फजरची अजानसुद्धा कानावर आली नाही.

पण पुढे एका सकाळी अब्बांना वजनकाट्यावर उभं केलं आणि तिने आकडा दोनदा वाचला. दोन किलो जास्त. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन असं झपाट्याने वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी. तिने घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला तो पडलाच.

संशय गेला मिठावर. अब्बांचा जीव सुक्या बोंबलात, हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक. तिने सुक्या मासळीचा डबा माळ्यावर टाकला, लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली आणि अब्बांना चांगलं सुनावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. गोळ्यांची तिला शंकाच नव्हती, त्या ती स्वतः त्यांच्या हातावर ठेवायची. डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळी आणा, म्हणाले, आणि दम लागला तर लगेच.

उद्या कुठला उजाडतोय! दिवस मावळताना, मगरिबच्या सुमाराला लाइट गेली. अंधारात अब्बांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, डाळ रटरटावी तसा. रात्री बाथरूमला जाण्यासाठी अब्बांच्या उशाशी त्यांची दुबईहून आणलेली बॅटरी असायची. तिने ती चाचपून उचलली, बटण दाबलं, पेटेना. हलवली तर आत खुळखुळलं. मोबाइलच्या उजेडात मागचं झाकण फिरवलं, तर सेल नव्हतेच. पांढऱ्या गोळ्या तिच्या ओंजळीत पडल्या. काही अर्धवट विरघळून पुन्हा सुकलेल्या.

"अब्बा, हे काय केलंत?"

अब्बांना एकेका शब्दासाठी थांबावं लागत होतं. "गोळी घेतली की मी उठतो. मी उठलो की तू उठतेस. थकलीस तू, बेटा."

कोलंबी, स्पीकर, पडदा, सगळं तिला एकदम आठवलं. एकदाचं संपावं, असं ती म्हणाली होती, आणि अब्बांनी मुकाट्याने ते संपवायला घेतलं होतं. पण रडत बसायलाही सवड नव्हती. तिने शेजारच्या अबरारला हाक मारली आणि दोघांनी मिळून अब्बांना त्याच्या रिक्षात बसवलं.

एसटी स्टँडपाशी गाड्यांची ही गर्दी. अबरार हॉर्नवरचा हात काढेना. अब्बांचं डोकं अस्माच्या खांद्यावर कलंडलं. मधेच त्यांचा श्वास अडकायचा, की हिचाही अडकायचा. ती त्यांच्या कानाशी पुन्हा पुन्हा सांगत राहिली, की अब्बा, मी त्या पोरीला खोटं सांगितलं, मला काही होत नाही. त्यांनी ऐकलं की नाही, कळेना.

वाचले. इंजेक्शनं झाली, अंगातलं पाणी उतरलं, आणि अब्बा आपल्या पायांनी घरी आले.

महिन्याभराने मोनालीचा फोन पुन्हा आला. तेच प्रश्न, भार वाढला की कमी झाला ते बघायला. या वेळी अस्माचे हात कोरडे होते. फोन कानाला लावून गॅलरीत जाता आलं असतं. पण गॅलरीत गेली असती तर अब्बांनी काय समजायचं? ते उशांना टेकून तिच्याकडेच बघत होते. तिने स्वतः होऊन स्पीकर लावला.

"कधीच नाही," ती म्हणाली. झोपेला, कंबरेला, चिडचिडीला, सगळ्यालाच. मोनाली खूश झाली. तुमचा भार एकदम उतरला की ताई, म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"झूठ बोललीस," अब्बा म्हणाले.

"हो," अस्मा म्हणाली. तिने त्यांच्या जिभेवर गोळी ठेवली, पाणी पाजलं. "आता तोंड उघडा. जीभ वर करा."

मोहल्ल्यातली भांडणं मिटवणारे महमूदभाई आ वासून बसले. बॅटरीत आता नवे सेल होते. तिने उजेड टाकून जिभेखाली नीट बघितलं. मग दोन्ही गालांत बघितलं. मग पुन्हा एकदा जिभेखाली.