पहिली पाच मिनिटं

“अहवालातून तो पाच मिनिटांचा आलेख काढून टाका. तासाभराचा पुरे,” विभागप्रमुख म्हणाले.

“नाही काढणार, सर.”

बाईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. एकोणीस वर्षं त्या हे एकच यंत्र चालवत होत्या. निर्वात पेटीतल्या नमुन्यावर क्ष-किरण सोडायचे, त्यातून उडालेले इलेक्ट्रॉन मोजायचे आणि पृष्ठभागावरचं पॅलेडियम धातू आहे की ऑक्साइड, ते सांगायचं. शोधनिबंध दुसऱ्यांचे छापून येत. या खेपेला पहिल्यांदाच लेखकांच्या यादीत बाईंचं नाव होतं. चौथं.

निबंधाचा दावा असा, की वापरताना या उत्प्रेरकातलं ऑक्साइड आपोआप धातू होतं. तासाभराच्या मोजणीत धातूचा उंचवटा ठळक होता. पण मोठ्या मोजणीआधी ताज्या जागेवर पाच मिनिटांची एक झटपट मोजणी घ्यायची बाईंना खोड. पोरं चिडवत, “बाई आधी नमुन्याची विचारपूस करतात.” त्या विचारपुशीत धातू औषधालाही नव्हता.

“पाच मिनिटांत काय कळतं? नुसता गोंगाट असतो तो.”

“मग बसा, सर. तुमच्यासमोर घेते.”

बाईंनी नमुना दोन मिलिमीटर सरकवला आणि दर पाच मिनिटांनी एक आलेख काढायला सुरुवात केली. पहिल्यात एकच शिखर, तीनशे सदतीस इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ. ऑक्साइड. चौथ्यात तीनशे पस्तीसला, धातूच्या जागी, हलकासा फुगवटा. बाराव्यात तो ऑक्साइडच्या निम्म्या उंचीला येऊन भिडला. बाईंनी नमुना पुन्हा सरकवला. कोरी जागा, पुन्हा एकच शिखर.

“धातू आहेच तिथे, मी नाही म्हणत नाही,” बाई म्हणाल्या. “पण तो उत्प्रेरकाने केला नाही. आपल्या किरणांनी केलाय.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “बाई, हे इतकं ताणायची गरज आहे का? असंच असेल तर यादीत तुमचं नाव ठेवणं अवघड आहे.”

“काढा ना. पण अहवाल या खोलीतून जातो तो माझ्या सहीने. आणि सही दोन्ही आलेखांवर असणार.”

बाईंनी तिथल्या तिथे छापून दोन्हींवर सही केली, तारीख घातली आणि कागद सरांच्या हातात दिले. ते घेऊन सर गेले. संध्याकाळी सुधारलेली यादी आली. चौथ्या जागी दुसरंच कुणी होतं.

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “अगं, मी तर आमच्या ताईला सांगून बसलोय, तुझं नाव छापून येणार म्हणून.”

“मग आता सांगा, येत नाही.”

“कारण काय सांगू?”

“सांगा, बायको भांडकुदळ आहे.”

“ते तिला लग्नापासून माहीत आहे.”

तो फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. बाई भांडी विसळायला लागल्या.

“नाही येणार गं नाव,” तो सांगत होता. पलीकडून ताईने ‘काढलं का?’ विचारलं असावं, कारण त्याचा आवाज चढला. “काढलं कसलं? काढा म्हणाली तीच. तोंडावर.”

बाईंनी नळ बंद केला आणि ऐकत उभ्या राहिल्या.