बुधवारी संध्याकाळी बोलू

माझं ठरलेलं लग्न मोडलं ते एका शुक्रवारी, आणि बाबांना मी ते सांगितलं पुढच्या बुधवारी. मधले दिवस मी घरात हसतमुखाने वावरले. हॉलचं काय ठरलं म्हणून बाबांनी एकदा विचारलंसुद्धा, तेव्हा "बघू की, घाई काय आहे" म्हणून वेळ मारून नेली. आमच्या घरात वाईट बातमीला वार ठरलेला होता.

बाबा बसचे ड्रायव्हर. त्यांच्या डेपोत गाडीची चावी हातात पडण्याआधी सकाळी नर्सच्या खोलीत जाऊन दंडाला पट्टा बांधून घ्यावा लागतो. पट्टा फुगतो, आवळतो, सुटतो आणि यंत्रावर आकडा येतो. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की त्या दिवशी गाडी नाही, सरळ घरी. असं तीनदा झालं की गाडी कायमची गेली. मग धुण्याच्या शेडमध्ये बदली, दुसऱ्यांनी मळवून आणलेल्या गाड्यांवर पाइपने पाणी मारायचं. नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पन्नास माणसं पाठीमागे विश्वासाने डुलक्या घेत असतात, चालवणारा धडधाकट हवाच. पण नियम करणाऱ्यांच्या दंडाला सकाळी कोण पट्टा बांधतं, तेवढं मला एकदा बघायचंय.

बाबांना दोनदा परत पाठवलं होतं. एकदा वरच्या मजल्यावरच्यांशी गळतीवरून भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि एकदा माझ्या धाकट्या भावाच्या गणिताचे मार्क कळले त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन्ही वेळा ते भरलेला डबा तसाच घेऊन घरी आले आणि चपला न काढता खुर्चीत बसून राहिले. त्यांच्याबरोबर नोकरीला लागलेला एक लंबू नावाचा ड्रायव्हर होता, त्याचं तिसऱ्यांदा झालं. तो आता गमबूट घालून शेडमध्ये उभा असतो आणि कोणी हाक मारली की पाणी जोरात सोडतो. बाबा शेडवरून जाताना मान फिरवायचे.

"गाडी गेली तर मी घरी बसून काय करू? तुझ्या आईच्या वाट्या मोजू?" असं ते हसत म्हणायचे. पण त्या हसण्यात दम नसायचा.

मग डेपोने एक तणावमुक्तीचे व्याख्याते आणले. गोरेगोमटे, खळखळून हसणारे गृहस्थ. रोजचा ताण ही सवय आहे, ती मोडता येते, असं त्यांनी सांगितलं. मीठ कमी करा, पाय जमिनीला टेकवून बसा, आणि काळजी दिवसभर करत बसू नका, तिला एक वेळ ठरवून द्या. इतर ड्रायव्हरांनी चहा-बिस्किटं खाल्ली आणि विसरून गेले. आमचे बाबा घरी आले ते विचार करतच. रोज काळजी केली तर रोज सकाळी आकडा वर जाणार. पण गुरुवारी आपली सुट्टी असते. बुधवारी संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं, तर शुक्रवारच्या पट्ट्यापर्यंत दोन रात्री आणि एक अख्खा दिवस मिळतो. तेवढ्यात रक्त निवतं.

"म्हणजे जे काय असेल ते बुधवारी," बाबा म्हणाले. "मधे कोणी तोंड उघडायचं नाही."

घरातलं मीठ बंद झालं, पण मिठाची गुळणी मात्र आम्ही सगळ्यांनी धरली.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला ते छान जमलं. बुधवारी संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "हं, बोला." मग आई तिचं गाठोडं सोडायची, धाकटा त्याचं, मी माझं. बाबा शांतपणे ऐकायचे, एखाद्या गोष्टीवर तोडगाही काढायचे. आकडा उतरला. सिस्टर, म्हणजे ती नर्स, त्यांना शाबासकी द्यायला लागली. पण बुधवारपर्यंत अडचणी शिळ्या होतात, हे कोणी बोलायचं नाही. माझं लग्न मोडल्याचं सांगायची पाळी आली तोवर माझं रडून झालं होतं, उशी वाळली होती. मी बाबांना ते अशा आवाजात सांगितलं की जणू नळाचा वायसर गेलाय. त्यांनीही तसंच ऐकलं.

बाबांना एक धाकटा भाऊ होता, आमचा काका. एसटीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहायचा, सोफ्यांना नवीन कापड चढवायचं त्याचं दुकान होतं. तोंडात कायम खिळे आणि तरीही बडबड चालू. आम्ही पोरं त्याला अरे-तुरेच करायचो. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांनीच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. नियम झाल्यापासून दोघे भाऊ फक्त गुरुवारी सकाळी फोनवर बोलायचे. काका त्यावरूनही टिंगल करायचा. "साहेबांची भेटीची वेळ सुरू झाली का?"

त्या सोमवारी दुपारी काकूचा फोन आला. मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानातून जेवायला घरी आले होते. आईने फोन कानाला लावला आणि मटकन खाली बसली. काकाच्या छातीत पाणी झालं होतं, ते का झालं ते आता कळलं होतं, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. आठवडाभर काढतील, असं म्हणाले होते.

मग काकाने काकूच्या हातातून फोन घेतला. आईने तो माझ्यासाठी स्पीकरवर टाकला.

"वहिनी, आज वार कोणता?"

"सोमवार," आई म्हणाली.

"मग दादाला सांगू नका. उगाच त्याची गाडी जायची माझ्यापायी." मधे बराच वेळ तो खोकत राहिला. "बुधवारी सांगा नेहमीसारखं, आणि गुरुवारी पाठवून द्या. मी कुठे पळून जातोय? या लोकांनी मला नळ्यांनी बांधून ठेवलंय."

आईने डोळ्यांना पदर लावला, पण मला दिसलं, तिचा जीव भांड्यात पडला होता. तिच्या मनातलं काकाच बोलून गेला होता.

मी मात्र भडकले. "आई, आज संध्याकाळी सांगायचं. बाबा रजा टाकतील आणि उद्या जातील."

"आणि परत आल्यावर? पट्टा काय सुतक बघतो?"

"बघू दे नाहीतर न बघू दे. भाऊ आहे त्यांचा!"

"भाऊ आहे म्हणूनच म्हणते. आठवडा आहे म्हणालेत ना डॉक्टर? गुरुवार आठवड्यातच येतो." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "तिसऱ्यांदा परत पाठवलं तर त्या लंबूसारखे होतील ते. मला बघवणार नाही गं. तुला बघवेल?"

मरणारा माणूस स्वतः थांबतो म्हणत होता, घरची बाई थांबा म्हणत होती. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलगी, मी एकटी कुणाकुणाशी भांडू? तरी भांडायला हवं होतं, असं आता वाटतं. आता वाटून काय उपयोग.

सोमवारी संध्याकाळी बाबा आले ते जरा गप्पच. अळणी भाजी मुकाट्याने खाल्ली. हात धुताना आमच्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "कोणाचा फोनबिन?"

"नाही कोणाचा," आई म्हणाली. तिने ताकास तूर लागू दिली नाही.

बाबांनी हात पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं दिसलं. मला वाटलं, दिवसभराचा शीण उतरला. मंगळवारीही त्यांनी तेच विचारलं आणि आईने तेच उत्तर दिलं.

बुधवारी दुपारी काका गेला.

काकूचा आवाज फोनवर अगदी साधा होता, भाजी संपली म्हणून सांगावं तसा. आईने तोंडात पदर कोंबला. बाबा त्या वेळी रस्त्यावर होते, गाडी भरलेली असणार, तेव्हा संध्याकाळपर्यंत थांबणं भागच होतं. तेवढं थांबणं काय ते खरं गरजेचं होतं. आईने पिशवीत कपडे भरले आणि ती पिशवी दाराआड ठेवली. धाकट्याला शेजारी पाठवलं.

बाबा आले. हातपाय धुतले, खुर्चीत बसले, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकवले.

"हं, बोला."

आई माझ्याकडे बघायला लागली. मग मीच बोलले. काका गेला, म्हटलं. आज दुपारी. दवाखान्यात होता, आम्हाला सोमवारपासून माहीत होतं, त्यानेच सांगू नका म्हटलं होतं. सगळं एका दमात बोलून टाकलं. आता बाबा ओरडतील, काहीतरी फेकतील, मला एक ठेवून देतील, अशी मी वाट बघत होते. खरं सांगते, त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाबा गुडघ्यांवरच्या हातांकडे बघत होते.

"सोमवारी सकाळी मला फोन आला होता त्याचा," ते म्हणाले. "सिस्टरच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. माझा नंबर येणारच होता. त्याचं नाव बघितलं."

"मग?" आई म्हणाली.

"उचलला नाही. सोमवारी कशाला करेल तो फोन? गुरुवारशिवाय करतो का कधी? मला तेव्हाच कळलं काहीतरी वाईट आहे. फोन बंद केला आणि आत गेलो. आकडा चांगला आला."

"आणि नंतर? गाडी मिळाल्यावर?"

"नंतर मंगळवारचा पट्टा होता. मंगळवारी बुधवारचा. घरी येऊन विचारलं तुम्हाला. तुम्ही नाही म्हणालात. मला बरं वाटलं गं. म्हटलं, घरी कळवलं नाही म्हणजे एवढं काही नसेल. गुरुवारी निवांत बोलू."

आई हुंदके द्यायला लागली. मला मात्र संताप आला होता, आणि तो कोणावर काढावा तेच कळत नव्हतं. बाबांवर काढावा तर ते खुर्चीत इतके लहान दिसत होते. आईवर काढावा तर तीही घाबरूनच वागली होती. आणि काकावर काढावा तर तो आता सापडणार नव्हता.

गुरुवारी पहाटेच्या एसटीने आम्ही गेलो. बाबांनी सगळं केलं, जे जे भावाने करायचं ते. नळ्या काढल्यावर काकाच्या हातावर डाग राहिले होते, त्यावरून बाबांनी दोन-तीनदा बोटं फिरवली. काकू आम्हाला एका शब्दाने बोलली नाही. तिने फक्त एवढंच सांगितलं की मंगळवारी तो सारखा वार विचारत होता. मंगळवार म्हटलं की म्हणायचा, "अजून मंगळवारच?" नंतर नंतर ती बुधवार म्हणायला लागली, खोटंच. तर म्हणाला, "मग दादा निघाला असेल."

बाबांनी ते ऐकलं आणि घड्याळ बघितलं. शुक्रवारी ड्युटी होती, परत निघायलाच हवं होतं.

येताना बाबा खिडकीशी बसले होते. आईने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "लहानपणी तुमच्या मागे सायकलवर बसून..."

बाबांनी तळहात वर केला. "आत्ता नको. बुधवारी बोलू."

शुक्रवारी त्यांना गाडी मिळाली. आकडा रेषेच्या इतका खाली होता की सिस्टरने पट्टा सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तेवढाच आला. सिस्टरने बाकावरच्या बाकीच्यांना सांगितलं, यांच्याकडून शिका जरा. आता पुढच्या महिन्यात ते व्याख्याते पुन्हा येणार आहेत, आणि हे तुम्ही कसं साधलंत ते बाबांनी चार शब्दांत सर्वांना सांगावं, असं डेपोच्या साहेबांनी कळवलंय. बाबा हो म्हणालेत.

मी बुधवारची वाट बघत होते. एकदाचं बोलू, एकदाचं मोकळं होऊ दे यांना, म्हणून दुकानातून लवकर निघून आले. आई दोनदा तोंड धुऊन बसली होती. बाबा आले, हातपाय धुतले, पण खुर्चीत बसले नाहीत. म्हणाले, डेपोत माणसं कमी आहेत, त्यांनी उद्या जादा ड्युटी लावून घेतली आहे. उद्या पट्टा, म्हणजे आज बोलायचं नाही. ते सरळच होतं. नियम त्यांचाच होता आणि त्यात त्यांची काही चूक काढता येत नव्हती.

त्याच्या पुढच्या बुधवारी तेच झालं, आणि त्याच्याही पुढच्या. बाबांना आता सुट्टी नसते. धाकटा पुन्हा नापास झालाय, ते त्यांना माहीत नाही. काकूने दुकान विकायला काढलंय, तेही माहीत नाही. ते ठरल्या वेळी येतात, जेवतात, झोपतात. कपाळावर एक आठी नसते. बाहेरचा कोणी म्हणेल, काय समाधानी माणूस आहे.

आज गुरुवार. सकाळी ते दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, आज तुमची सुट्टी आहे."

"माहीत आहे."

"काकाबद्दल आपण एकदाही बोललो नाही."

त्यांचा हात नाडीवर थांबला. मान खाली होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात आई आतून धावत आली. तिने माझा दंड घट्ट पकडला.

"सकाळी नको गं त्यांना," ती कुजबुजली, आणि मला आत ओढून घेतलं.