घरगुती अडचण

"ताई, इथं फक्त सही करा." कारकुनानं कागद पुढे सरकवला. "बाकी सगळं मी टाइप केलंय."

ताईंनी ओले हात एप्रनला पुसले आणि कागद वाचला. 'घरगुती अडचणीमुळे मी विद्यापीठातील सहा दिवसांच्या अभ्यासक्रमास जाऊ शकत नाही. माझ्या जागी भांडारप्रमुखांना पाठवण्यास माझी हरकत नाही.'

"माझ्या घरी अडचण आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो, मनावर घेऊ नका. तिकडे सगळं इंग्रजीत चालतं. तुम्ही उगाच अवघडून बसाल. साहेब तुमच्या भल्याचंच बघतायत."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या ओरडल्या नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी खिशात टाकली. "उद्या देते," एवढंच म्हणाल्या.

बावीस वर्षं त्या इस्पितळाच्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत होत्या. शस्त्रक्रियेच्या कात्र्या-चिमटे धुवायचे, कापडात बांधायचे, मोठ्या यंत्रात वाफेवर ठेवायचे. सगळे त्यांना 'वाफताई' म्हणत. दोन वर्षांपूर्वी यंत्राचा काटा बरोबर दाखवत असूनही गठ्ठे आतून ओलसर निघायला लागले. सांगून कुणी ऐकेना, तेव्हा ताईंनी यंत्र बंद केलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली जवळ ठेवली. दोन दिवस शस्त्रक्रिया खोळंबल्या. साहेबांनी, म्हणजे इस्पितळाच्या अधीक्षकांनी, सगळ्यांदेखत त्यांचा पाणउतारा केला, वर मेमो दिला. मग तपासणीला विद्यापीठातल्या एक प्राध्यापक बाई आल्या. त्यांनी यंत्र उघडायला लावलं, तर आतली झडप गंजून खलास झालेली. मेमो मात्र कुणी मागे घेतला नाही. निर्जंतुकीकरणाच्या त्या अभ्यासक्रमाला ताईंचं नाव त्याच बाईंनी घातलं होतं.

निवडीचं पत्र आल्यापासून ताई तयारीला लागल्या होत्या. सोबत आलेला आवाराचा नकाशा त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. फाटकापासून वसतिगृह, तिथून वर्ग, हा रस्ता बोटानं इतक्यांदा चालून झाला होता की तेवढीच पट्टी मळली होती. भाजी चिरताना त्या यंत्राच्या पुस्तिकेतले इंग्रजी शब्द पुटपुटत. नवे बूट चावू नयेत म्हणून घरातल्या घरात घालून हिंडत. कॉलेजची पायरी त्यांनी जन्मात चढली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी तो कागद नवऱ्यासमोर ठेवला. वाटलं होतं, तोही भडकेल.

"देऊन टाक सही," तो म्हणाला. "साहेबांशी वाकडं घेऊन काय मिळणार आहे?"

"घरी अडचण आहे असं लिहिलंय त्यात. कसली अडचण?"

नवऱ्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. "परवा कारकुनाचा फोन आला होता. मी आपलं म्हटलं, आई अंथरुणाला खिळलीय, बघायला कुणी नाही."

"कुणी नाही? मग तुम्ही कोण आहात?"

"मला ते जमत नाही, तुला माहितीये."

"शिकलात कधी?" ताईंचा आवाज फाटला. "त्यांना माझं तोंड बंद करायला निमित्त हवं होतं, आणि ते माझ्याच घरातून तुम्ही काढून दिलंत!"

आतल्या खोलीतली खाट करकरली. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई चार महिने पडून होत्या, पण कान शाबूत होते.

"इकडे या रे दोघं."

दोघं दारात जाऊन उभे राहिले. म्हातारीनं मुलावर नजर रोखली.

"माझं नाव सांगितलंस? मला विचारलं होतंस?"

"आई, तसं नाही गं..."

"मी अडचण काय रे? दिवसदिवस लोकांचे कपडे शिवून तुला शाळेत धाडलं, तेव्हा मी कुणाला सांगत बसले नाही, माझ्या घरी अडचण आहे म्हणून." मग त्या सुनेकडे वळल्या. "पोरी, पेन घे. आत्ताच्या आत्ता."

ताईंनी टाइप केलेल्या मजकुरावर तिरपी काट मारली. खाली लिहिलं, 'मला घरी कोणतीही अडचण नाही. मी जाणार आहे.' आणि सही केली, कागद फाटेल इतकी दाबून.

दुसऱ्या दिवशी ते वाचून साहेबांना मिरच्या झोंबल्या.

"मग स्वतःची रजा टाकून जा. आणि परत आल्यावर ती खोली तुमचीच असेल, असं धरून चालू नका."

"रजेचा अर्ज खालीच जोडलाय साहेब."

त्या ताठ मानेनं बाहेर आल्या. दुपारी भांडारप्रमुखानं येऊन खोलीच्या किल्ल्या मागितल्या. ताईंनी यंत्रात ठेवलेले गठ्ठे पूर्ण होईपर्यंत त्याला दाराबाहेर उभं ठेवलं. मग किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या. त्याच्यासमोर त्यांना रडायचं नव्हतं, म्हणून लगेच पाठ फिरवली.

निघायच्या सकाळी नवरा आईला कुशीवर वळवायला बसला होता.

"अरे, पोतं आहे का मी?" सासूबाई कळवळल्या. "ओढू नकोस!"

त्यानं हात तसेच अधांतरी धरून बायकोकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता. ताई सवयीनं एक पाऊल पुढे गेल्या. त्यांचे हातही पुढे झाले होते.

मग त्या थांबल्या.

"खांद्याखाली हात घाला," त्या म्हणाल्या. "दोन्ही."

त्यानं घातले. म्हातारी हळूहळू, कुरकुरत, कुशीवर वळली. ताईंनी तेवढं पाहिलं, बॅग उचलली आणि दार बाहेरून ओढून घेतलं.