जेवणानंतर बोट नाही

आमच्या मिलानच्या क्लबात म्हणायला गोळे फेकायचा खेळ चालतो, पण खरा खेळ म्हणजे सहल ठरवणं. दर मंगळवारी संध्याकाळी कास्तोल्दीसाहेब कोपऱ्यातल्या टेबलावर गाड्यांची आणि बोटींची वेळापत्रकं पसरतात. आम्ही म्हातारी मंडळी भोवती बसतो आणि तळ्याकाठच्या अमुक गावाला एका दिवसात जाऊन कसं यायचं, यावर घसा कोरडा करतो. साहेब कुलपांच्या कारखान्यात हिशेबनीस होते. निवृत्त होऊन वीस वर्षं उलटली, पण त्यांना नुसतं रेमिजो म्हणायची छाती अजून कोणाची झालेली नाही.

सहलीची सुरुवात अर्थातच जेवणापासून होते. साडेबाराला टेबलावर बसलो नाही तर दिवस वाया गेला असं आम्ही मानतो, म्हणून आधी जेवण पक्कं करायचं आणि मग त्याच्या मागेपुढे गाडी नि बोट बसवायची. इथे साहेबांच्या बायको इरीदेबाई तोंड उघडतात. जेवल्यावर तीन तास पाण्यात उतरायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना लहानपणी आयांनी बजावलेलं आहे. इरीदेबाईंच्या मते पाण्यात काय आणि पाण्यावर काय, पोटाला ते कळत नाही. म्हणजे परतीची बोट थेट संध्याकाळची. तोवर वारा सुटतो, वारा मानेत शिरतो, आणि मानेत वारा शिरून महिनाभर अंथरूण धरलेली एखादी नणंद इरीदेबाईंकडे तयार असते.

परिणाम असा की गेली सात वर्षं आम्ही दर वसंतात कुठलं ना कुठलं नवं गाव ठरवतो आणि लेकोला जातो. स्टेशनासमोरच्या खाणावळीत जेवतो आणि गाडीने परत येतो. तळं तिथून दिसतं म्हणतात. पण खिडकी उघडू देतील तर ना.

या वर्षी मात्र आर्मिदाने ओलिवेत्ताचं नाव काढलं तेव्हा माझे कान टवकारले. आर्मिदा माझी शेजारीण. ओलिवेत्ता तिचं माहेर. लेकोहून बोटीने तासाभराच्या वाटेवर, धक्क्याच्या अगदी वर त्यांचं घर. तिथे तिची धाकटी बहीण देल्फीना राहते आणि दोघींचं सहा वर्षं बोलणं नाही.

भांडण झालं ते पास्त्यावरून. आईला जाऊन वर्ष झालं तेव्हाचं जेवण देल्फीनाकडे होतं. आर्मिदा दुपारच्या बोटीने येणार होती. बोटीचा भोंगा ऐकून देल्फीनाने पास्ता उकळत्या पाण्यात टाकला, पण बाईसाहेबांची गाडी चुकली होती आणि बाई त्या बोटीवर नव्हत्याच. पुढच्या बोटीने आल्या, पहिला घास घेतला आणि पाद्रीबुवांच्या देखत म्हणाल्या, ही काय खळ शिजवलीस? देल्फीनाने ताट उचललं ते उचललंच.

आता घर विकलं गेलं होतं. महिनाअखेरच्या रविवारी मुलगा देल्फीनाला तोरीनोला घेऊन जाणार होता, कायमचं. हे आर्मिदाला कोणाकडून तरी कळलं होतं. मी तिला म्हटलं, "अगं, एवढीशी वाट आहे. एकटी जा ना."

"एकटी गेले तर माफी मागायला आल्यासारखं दिसेल," ती म्हणाली. "सगळ्यांबरोबर गेले तर सहल."

मला तिचा रागही आला आणि वाईटही वाटलं. सहल आमच्या क्लबावर सोपवणं म्हणजे आनंदच होता.

झालंही तसंच. साहेबांनी तीन मंगळवार डोकं खाजवलं, इरीदेबाईंनी तीन तास सोडले नाहीत, आणि शेवटी ठरलं, शुक्रवारी लेको. आर्मिदा कॉफी न पिता उठून गेली.

शुक्रवारी रेल्वेचा संप होता. इकडे संप शनिवार-रविवारला जोडूनच होतात, शुक्रवारी नाही तर मग कधी असणार? पण संपात सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक गाड्या सोडतातच, आणि संपाला भिऊन बेत बदलणाऱ्यांतले साहेब नव्हेत. सकाळी निघायचं, संध्याकाळी परतायचं, मधे निवांत जेवायचं, असा त्यांनी हुकूम काढला. गाड्या तपासल्या, हवामान तपासलं, कोण कुठे बसणार तेही सांगितलं. फक्त खाणावळीला फोन करायचं राहिलं. सात वर्षांची ओळख, फोन कसला करायचा.

खाणावळीला कुलूप होतं. दारावर कागद: घरच्या लग्नानिमित्त बंद.

गावात दुसऱ्या खाणावळी नव्हत्या असं नाही, पण संपाने अडकलेल्यांनी एकूण एक टेबल आधीच धरलेलं होतं. संध्याकाळपर्यंत परतीची गाडी नाही. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. इरीदेबाई पिशवीतली बिस्किटं मोजायला लागल्या. एवढी भ्यालेली माणसं मी लढाईच्या फोटोंतही पाहिली नाहीत.

मग मी सहज बोलल्यासारखं बोलले की आर्मिदाची बहीण बोटीने तासाभरावर राहते आणि तिच्या हातचा रस्सा अजून लोकांच्या तोंडी आहे.

बाकी सगळ्यांनी आर्मिदाकडे पाहिलं. साहेबांनी खिशातून बोटींचं वेळापत्रक काढलं आणि जे त्यांना सात वर्षं जमलं नव्हतं ते उभ्या उभ्या जमवलं. "आत्ता बोट आहे! साडेबाराला टेबलावर!"

आर्मिदाने माझ्याकडे असं बघितलं की माझी राख व्हायची. पण फोन लावला.

"मी आर्मिदा. नाही, कोणी गेलेलं नाही. सहलीला आलोय, नऊ जण. टेबल मिळालं नाही." पलीकडून देल्फीनाचा आवाज मलाही ऐकू आला.

"कुठली बोट?"

आर्मिदाने सांगितली.

"मागच्या वेळीही सांगितली होतीस," देल्फीना म्हणाली आणि फोन ठेवला.

बोटीवर सगळे खाली, काचा लावून, गळ्याला रुमाल गुंडाळून बसले, तळ्याकडे पाठ करून. आर्मिदा वर बाकावर एकटी बसली. वारा जोराचा होता आणि तिची मान उघडी होती. इरीदेबाईंनी खालून दोनदा हाक मारली. तिने ऐकलं नाही.

ओलिवेत्ता दिसू लागलं. भोंगा वाजला. धक्क्यावर देल्फीना एप्रन बांधून, कमरेवर हात ठेवून उभी होती. वर घराच्या खिडकीत तिची शेजारीण पास्त्याचं पाकीट हातात धरून वाट बघत होती. आर्मिदा उतरायच्या फळीजवळ घुटमळत सगळ्यांना पुढे जाऊ देऊ लागली.

"तू आधी उतर," देल्फीना म्हणाली. "तू उतरल्याशिवाय टाकणार नाहीये मी."

आर्मिदा उतरली. देल्फीनाने तिला नखशिखांत पाहिलं, खात्री करून घेतली आणि खिडकीकडे वळून ओरडली, "टाक गं!"

बांधाबांध केलेल्या खोक्यांच्या मधे, जोडलेल्या टेबलांवर आम्ही जेवलो. पहिला घास आर्मिदाने घेतला तेव्हा सगळे काटे हवेत थांबले होते. ती चावत राहिली, मग ताट पुढे सरकवून म्हणाली, "अजून वाढ." देल्फीनाने वाढलं आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात निघून गेली.

संध्याकाळची गाडी गाठायची तर साडेतीनची बोट धरणं भाग होतं. जेवून जेमतेम दोन तास झाले होते. सगळ्यांनी इरीदेबाईंकडे पाहिलं. त्यांनी बोट पाहिली, गाडी चुकली तर पुढे दिसणारी रात्र पाहिली, आणि रस्सा फारच हलका होता असं जाहीर करून सगळ्यांत आधी चढल्या.

आर्मिदा धक्क्यावरच उभी होती. मी हाक मारली.

"मी कशी येऊ?" ती इरीदेबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आत्ताच जेवलेय. जेवल्यावर पाण्यावर जायचं नसतं."

"रविवारपर्यंत तरी थांबावं लागेल," देल्फीना म्हणाली आणि तिच्या हातातली पर्स काढून घेऊन घराकडे चालू लागली.